एपिड्युरल: घेतलेल्यांचे, न घेतलेल्यांचे आणि मागूनही न मिळालेल्यांचे अनुभव

रानजाई

माझी मावसबहीण नाशिकला असते. आठवा महिना संपत आलाय, पहिलंच बाळंतपण. मागच्या आठवड्यात तिचं डोहाळजेवण झालं आणि जमलेल्या प्रत्येकीने तिला एपिड्युरलबद्दल, म्हणजे बाळंतपणाच्या कळा कमी व्हाव्यात म्हणून पाठीत बारीक नळी घालून देतात त्या भुलेबद्दल, काही ना काही ऐकवलं. कंबर जन्माची जाते, कळा थांबतात आणि मग सिझरच होतं, बाळ सुस्त निपजतं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, 'आम्ही नाही का सहन केलं?' रात्री तिचा फोन आला. घे किंवा घेऊ नकोस, असा सल्ला तिला नको होता. ज्यांच्या पाठीत ती सुई खरोखर गेली आहे त्यांना काय वाटलं, ते ऐकायचं होतं. म्हणून हा धागा. ती वाचते आहे, तिचे प्रश्न मी इथे टाकेन.

जमेल तितक्या तपशिलात लिहा. हॉस्पिटलची नि डॉक्टरांची नावं नकोत, पण गाव लिहा; सोय कुठे आहे, कुठे नाही तेवढं तरी कळेल.

सुरुवात मी करते. पुणे, २०२२, पहिलटकरीण. पाणी गेलं पण कळा येईनात, म्हणून कळांचं ड्रिप लावलं. ड्रिपच्या कळांना उसंत नसते. एक ओसरते न ओसरते तोच दुसरी. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडल्यावर मी एपिड्युरल मागितलं. हे आधीच ठरलेलं होतं आणि फाईलवर लिहिलेलं होतं, त्यामुळे त्या अवस्थेत मला कुणाला काही पटवून द्यावं लागलं नाही. माझ्या लेखी सगळ्या बाळंतपणातली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

भूलतज्ज्ञ बाई आल्या. दोन कळांच्या मधल्या वेळात त्यांनी फॉर्म समजावला आणि सही माझीच घेतली. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं, उशी पोटाशी धरून मांजरासारखी पाठ बाहेर काढायला सांगितली. एवढं पोट घेऊन तसं वाकणं हाच यातला अवघड भाग. पाठीवर गार औषध पुसलं, मग जागा बधिर करायची छोटी सुई. ती चांगलीच चुणचुणली. मोठी सुई मात्र दुखली नाही, नुसता दाब जाणवला. मध्येच कळ आली तेव्हा त्या थांबल्या. 'कळ आली की सांगा, पण हलू नका,' हे त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या. नळी सरकवताना डाव्या पायात एकदम झिणझिणी गेली. मी लगेच बोलले, त्यांनी नळी किंचित मागे घेतली, झिणझिणी थांबली. सुई काढून घेतात. आत राहते ती बारीक मऊ नळी, आणि तिचं दुसरं टोक पाठीवरून खांद्यापर्यंत चिकटपट्टीने लावून ठेवतात.

पंधरा-वीस मिनिटांत फरक पडला. पोट कडक होतंय हे हात ठेवला की कळायचं, पण दुखायचं नाही. मग मात्र थंडी वाजून अंग थडथडायला लागलं, बीपी खाली आलं, मळमळलं. सिस्टरनी डाव्या कुशीवर वळवलं, भूलतज्ज्ञांनी सलाईनमधून औषध दिलं आणि थोड्या वेळात सगळं जागेवर आलं. असं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं होतं म्हणून मी घाबरले नाही. लघवीची जाणीव जाते, त्यामुळे लघवी नळीने काढावी लागली. मग मी झोपले. रात्रभराच्या जागरणानंतरची ती झोप मला पुढे जोर करायला उपयोगी पडली असं मला ठामपणे वाटतं.

तोंड पूर्ण उघडल्यावर लगेच जोर लावायला सांगितलं नाही, बाळ आपोआप खाली येऊ दिलं. खाली दाब कळत होता, त्यामुळे जोर कधी करायचा तेही कळत होतं. मुलगी झाली. टाके घातलेले समजलेसुद्धा नाहीत. डावा पाय संध्याकाळपर्यंत जड होता आणि सिस्टर धरल्याशिवाय उठू देत नव्हत्या. कंबर? हो, दुखली, काही महिने दुखली. मी वाकून पाजत होते. पाठीला टेकू आणि मांडीवर उशी घेऊन बसायला लागले तशी थांबली.

मृगाची_सर

ठाणे. मी घेतलं होतं आणि अजूनही घ्या असंच सांगेन. पण माझ्या बाबतीत जे झालं ते तुझ्या बहिणीला माहीत असायला हवं.

बाळंतपण छान झालं. दुसऱ्या दिवशी उठून बसले आणि मानेपासून कपाळापर्यंत डोकं असं ठणकायला लागलं की डोळे उघडवेनात. आडवी झाले की थांबायचं. पाजायला उठून बसले की पुन्हा सुरू. घरी सगळ्यांचं एकमत झालं की वारा लागला. कानाला रुमाल बांध, पंखा बंद कर, जागरणाने होतंय. हॉस्पिटलला फोन केला तर तिथूनही, झोप घ्या आणि क्रोसिन घ्या. बसलं की दुखतं आणि निजलं की थांबतं, असं मी प्रत्येकाला सांगत होते आणि सगळं उत्तर तेवढ्यात होतं. शेवटी ओळखीतल्या एका भूलतज्ज्ञांशी बोलले, त्यांनी फोनवरच ओळखलं. सुई थोडी पुढे जाऊन आतल्या आवरणाला भोक पडलं की आतलं पाणी झिरपत राहतं, आणि माणूस उभा राहिला की डोकं दुखतं. आधी भरपूर पाणी, कॉफी, गोळ्या, आडवं राहणं असं करून पाहिलं. भागलं नाही. मग माझ्याच दंडातून रक्त काढून पाठीत त्या जागी सोडलं. त्याला ब्लड पॅच म्हणतात. थोडा वेळ पडून राहिले, उठून बसले, आणि डोकं हलकं होतं. बाळाला पहिल्यांदा नीट बसून पाजलं ते त्या संध्याकाळी.

तर घरी सोडताना विचारून ठेवा की डोकं दुखलं तर थेट भूलतज्ज्ञांशी बोलायला कोणता नंबर.

पाऊसवेळा

वाचते आहे. मलाही सप्टेंबरची तारीख दिली आहे. खर्चाचं कुणी लिहील का? आणि विम्यात बसतं का?

सोनटक्का

मुंबई. माझं एका बाजूलाच लागलं. उजवा अर्धा भाग शांत आणि डाव्या कुशीत प्रत्येक कळ जशीच्या तशी. हे असं होऊ शकतं हेच मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे 'माझ्यावर औषध चालतच नाही' असं वाटून मी रडायला लागले. डॉक्टरांनी डाव्या कुशीवर झोपवून डोस वाढवला, उपयोग झाला नाही, मग नळी काढून पुन्हा नव्याने घातली. दुसऱ्या वेळी नीट लागलं. लागलं नाही तर गप्प बसू नका, सांगत राहा. त्यांना तुमच्या सांगण्यावरूनच कळतं.

@पाऊसवेळा, माझ्या बिलात एपिड्युरल वेगळं लावलं होतं: भूलतज्ज्ञांची फी, नळीचा सेट, औषधं. नोंदणी करतानाच 'नॉर्मलच्या पॅकेजमध्ये आहे की वेगळं' हे लेखी घ्या. पुढे सिझर झालं तर भुलेचे पैसे पुन्हा लावतात का, तेही विचारा. विम्यात बाळंतपणाला बहुधा मर्यादा आणि प्रतीक्षा काळ असतो, तेव्हा पॉलिसी काढून बघा.

बांधावरची

शीर्षकातल्या तिसऱ्या गटातली मी. नांदेड जिल्हा, तालुक्याचं गाव, चांगलं चालणारं खासगी प्रसूतिगृह. सातव्या महिन्यातच विचारलं होतं. डॉक्टर बाईंनी सरळ सांगितलं: भूलतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावाहून बोलावतो, सिझर असलं की येतात, काम झालं की पुढच्या हॉस्पिटलला जातात. एपिड्युरल लावल्यावर कुणीतरी तासन्‌तास बीपी आणि बाळाचे ठोके बघत राहायला हवं, गरज पडली तर डोस द्यायला हवा. तेवढा वेळ त्यांना थांबवून घेणं आमच्याने होणार नाही. मला त्यांचा राग आला नाही, खोटी आशा दाखवली असती तर आला असता. पण 'घ्यावं की न घ्यावं' यावर चर्चा चालू असते तेव्हा मला सारखं वाटत राहतं की आमच्या भागातल्या बाईपुढे हा प्रश्न येतच नाही. तिच्यापुढे दोनच गोष्टी असतात, सहन कर नाहीतर सिझर. आणि कळा सोसवत नाहीत म्हणून 'सिझर करा पण सोडवा' असं हात जोडून म्हणणाऱ्या बायका मी शेजारच्या पलंगावर पाहिल्या आहेत. त्यांना त्या वेळी वेदना कमी करणारं काहीतरी हवं होतं, मोठं ऑपरेशन नव्हे.

मला एक इंजेक्शन दिलं होतं, त्याने गुंगी आली, कळ तेवढीच राहिली. खरा उपयोग झाला तो आईचा. तिला आत येऊ दिलं. माकडहाडाच्या जरा वर तिने तळव्याने जोरात दाबून धरायचं आणि कळ ओसरेपर्यंत सोडायचं नाही. मध्ये चालणं, कोमट पाण्याची अंघोळ, खुर्चीवर उलटं बसून पाठीवर टेकणं. दुखलं, खूप दुखलं, पण माझ्याशी कुणी वाईट बोललं नाही आणि मी एकटी नव्हते.

सरकारी दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी: २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिगृहात बाईच्या सोबतीला तिचं माणूस असावं हे धरलेलं आहे. आत सोडत नसतील तर हे नाव घेऊन विचारा.

शततारका

मी भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं प्रसूती विभागात काम केलं आहे. बांधावरची यांचा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचावा. आपल्याकडे एपिड्युरल कमी होण्यामागे बायकांची भीती आहे तशी आमची अपुरी संख्याही आहे, आणि दुसऱ्या कारणाबद्दल फार कमी बोललं जातं.

आता डोहाळजेवणातल्या मुद्द्यांकडे येते.

कंबर. सुई जिथे घालतो ती जागा कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये असते. मोठ्या माणसात मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपलेला असतो. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, हे खरं. पण एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करून पाहिली तेव्हा जुनाट कंबरदुखीत फरक आढळला नाही. गरोदरपणात सांधे सैल होतात, पोटाचे स्नायू ताणले जातात, त्यानंतर महिनोन्‌महिने बाळ उचलणं आणि वाकून पाजणं. कंबर या सगळ्याने दुखते. एक घोळ असाही आहे की सिझरसाठी पाठीत देतात ते एकदाचं इंजेक्शन आणि हे, दोन्हींना घरोघरी 'कमरेतलं इंजेक्शन' म्हणतात आणि एकीचा अनुभव दुसरीच्या खात्यात जातो. ते वेगळं. त्याची सुई खूप बारीक असते आणि ती मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातच जाते. एपिड्युरलची नळी त्या आवरणाच्या बाहेर राहते.

सिझर. कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासून आढावे काढते, तिचा २०१८ चा आढावा आहे. एपिड्युरलमुळे सिझरचं प्रमाण वाढत नाही, असा त्याचा निष्कर्ष. बाळ बाहेर काढायला व्हॅक्यूम किंवा चिमटा लावावा लागण्याचं प्रमाण जुन्या अभ्यासांत वाढलेलं दिसत होतं. २००५ नंतरच्या अभ्यासांत ते दिसत नाही, कारण आता औषध फार सौम्य करून देतात. जोर करण्याचा काळ मात्र थोडा लांबू शकतो. 'चार-पाच सेंटिमीटरपर्यंत थांबा' हा नियमही जुना झाला. कळा नीट सुरू झालेल्या आहेत आणि बाई मागते आहे, एवढं पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही निरोगी बाईने वेदना कमी करायला मागितलं तर एपिड्युरल हा पर्याय द्यावा असं आहे.

बाळ. कमी मात्रेत दिलेल्या औषधाने बाळ सुस्त होत नाही, लगेच पाजता येतं. आईला ताप येऊ शकतो. तो बहुधा संसर्गाचा नसतो, तरी खात्री करण्यासाठी बाळाच्या तपासण्या कराव्या लागतात, हे माहीत असू दे.

धोके आहेत, ते लपवू नयेत. ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आकडे दिले आहेत, मी तेच सांगते: साधारण आठातल्या एकीला पुरेसा आराम पडत नाही आणि दुसरं काही करावं लागतं. बीपी लक्षणीय उतरणं पन्नासात एकीला. मृगाची_सर यांना झाली तशी डोकेदुखी शंभरात एकीला. सहा महिन्यांहून जास्त टिकणारी नसेची इजा तेरा हजारांत एक. पक्षाघातासारखी गंभीर इजा अडीच लाखांत एक. तुमच्या डॉक्टरांनी हे आकडे बोलून दाखवले तर ते घाबरवत नाहीत, त्यांचं काम करत आहेत.

आणि डोकेदुखीबद्दल: बसल्यावर वाढणारी, निजल्यावर थांबणारी असेल तर आम्हाला कळवा. पण सुई टोचली असो वा नसो, बाळंतिणीची तीव्र डोकेदुखी, विशेषतः डोळ्यांपुढे अंधारी, वाढलेलं बीपी, झटका, ताप, यांपैकी काही सोबत असेल तर घरी थांबायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं.

तिळगूळ

कोल्हापूर. मी मुद्दाम न घेतलेली. दोन्ही वेळा. माझी इच्छा होती, तब्येत साथ देत होती, दुसरी तर इतकी पटकन झाली की मागायला वेळच नव्हता. मला कळांची भीती वाटली नाही. कळ येताना लांब श्वास, ओठ सैल, खालच्या पट्टीतला हुंकार, हे शिकले होते आणि ते मला जमलं. चांगला अनुभव होता.

हे लिहायचं कारण वेगळं. माझं उदाहरण माझ्या नणंदेपुढे ठेवलं गेलं. 'बघ, वहिनीने एक आवाज काढला नाही.' तिचं बाळ पोटाकडे तोंड करून होतं, पाठीत कळा येत होत्या, रात्र उलटून गेली तरी गर्भाशयाचं तोंड उघडत नव्हतं. माझं बाळंतपण आणि तिचं यांत तुलना करण्यासारखं काहीच नव्हतं. तिने एपिड्युरल घेतलं, सुटली, आणि वर्षभर कुणाकुणाला कारणं देत बसली. माझं नाव वापरून कुणाला असं ऐकवलं जावं हे मला आजही सहन होत नाही.

डोंगरवाटा

पुरुषाने इथे लिहावं की नाही ठाऊक नाही, पण एक गोष्ट नवऱ्यांसाठी. बायको कळांमध्ये होती, एपिड्युरल मागत होती, आणि फॉर्म माझ्यापुढे आला. सोबत माझ्या आईचाही सूर, 'अजून थोडं बघू की'. बायको शुद्धीत होती, बोलत होती, तिचं डोकं माझ्यापेक्षा स्वच्छ चाललं होतं. मी फॉर्म तिच्या हातात दिला आणि सिस्टरना म्हटलं, तिला विचारा. ती 'हो' म्हणाली, सही केली. नातेवाइकाची सही लागते म्हणाले म्हणून खाली माझीही केली.

यावर आम्ही आधी दोघांनी बोलून ठेवलं होतं: ती जे म्हणेल ते मी त्या खोलीत दुसऱ्यांना सांगायचं, माझं मत मध्ये आणायचं नाही. नवऱ्याचं काम एवढंच आहे आणि ते मोठं काम आहे.

टेम्सकाठ

इंग्लंडमधून. इथे सगळी मदार मिडवाइफवर, म्हणजे प्रशिक्षित सुईणीवर. मी आधी मिडवाइफ चालवतात त्या विभागात होते. तिथे कोमट पाण्याचा टब, आणि 'गॅस अँड एअर', म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन अर्धं अर्धं. कळ सुरू होतानाच ओढायला सुरुवात करायची, म्हणजे ती चढेपर्यंत परिणाम येतो. मला त्याने अर्धी वाट काढून दिली. नंतर एपिड्युरल हवं म्हटल्यावर मला डॉक्टर असलेल्या विभागात हलवलं, कारण पहिल्या ठिकाणी ते देत नाहीत. सरकारी सेवेत पैसे पडले नाहीत, पण भूलतज्ज्ञ ऑपरेशनमध्ये होते म्हणून बराच वेळ वाट पाहावी लागली. म्हणजे मनुष्यबळाचा प्रश्न इथेही आहेच.

माझ्या हातात एक बटण दिलं होतं. दुखायला लागलं की दाबायचं, ठरलेला डोस जातो. पुन्हा पुन्हा दाबलं तरी ठरावीक वेळ गेल्याशिवाय जास्त जात नाही. आपल्या हातात काहीतरी आहे, या जाणिवेनेच मी शांत झाले. भारतात कुठे बटण मिळतं का?

शततारका

मोठ्या शहरांतल्या काही हॉस्पिटलांत मिळतं. नसेल तर पंपाने सतत थेंबथेंब देतात किंवा ठरावीक वेळाने डोस देतात. पद्धत कुठलीही असो, लक्ष ठेवणारं माणूस हवं.

म्युनिककर

जर्मनीत याला पीडीए म्हणतात. आमच्याकडे भूलतज्ज्ञांशी बोलणं आठव्या-नवव्या महिन्यातच उरकून घेता आलं. माहितीपत्रक घरी नेऊन वाचलं, प्रश्न विचारले, सही करून ठेवली. सही केली म्हणजे घ्यावंच लागतं असं नाही. मी शेवटी घेतलं नाही. पण कागद तयार आहे हे माहीत असल्याने मी जास्त वेळ तग धरला.

कृष्णाकाठ

माझं वय पासष्टच्या पुढे, म्हणून माझं ऐका. माझं पहिलं बाळंतपण सांगलीकडे, १९८४ साली. खोलीत आणखी बायका होत्या, मध्ये पडदा. ओरडले म्हणून आयाबाईने मांडीवर चापट मारली आणि जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. आई बाहेरच्या बाकावर बसलेली, तिला आत सोडलं नाही. पुढे कितीतरी वर्षं मला कळांपेक्षा ते शब्दच आठवायचे.

'आम्ही सहन केलं' असं माझ्या वयाच्या बायका म्हणतात तेव्हा मला त्यांना विचारावंसं वाटतं, तेव्हा कुणी विचारलं असतं की बाई, दुखणं थोडं कमी करू का, तर तुम्ही नको म्हणाला असता का? मी नसते म्हणाले. माझ्या सुनेने पुण्यात एपिड्युरल घेतलं. तिच्या आईला धास्ती होती, म्हणून मी त्यांच्याशी बोलले. बाळ बाहेर आलं तेव्हा सून हसत होती. बाळंतपणात हसणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं, आणि थोडं रडूही आलं, ते माझं माझ्यासाठी होतं.

रानजाई, तुझ्या बहिणीला माझा आशीर्वाद सांग. डिंकाचे लाडू मात्र चुकवू नको म्हणावं.

सोनटक्का

कृष्णाकाठ काकू, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही, मग तिने तिची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच.

अबोली_२

पहिलं सिझर आहे. आता नॉर्मल करून बघायचं ठरतंय. एपिड्युरल घेतलं तर आतला टाका उसवल्याचं दुखणं कळणार नाही, असं एकीने सांगितलं. खरं आहे का? शिवाय मी रक्त पातळ होण्याचं इंजेक्शन रोज घेते.

शततारका

पहिलं सिझर असलं तरी एपिड्युरल देता येतं. सौम्य डोसात जुन्या व्रणाचं दुखणं पूर्ण झाकलं जात नाही. चांगलं लागलेलं असताना अचानक सतत दुखायला लागलं तर तीच आमच्यासाठी धोक्याची खूण ठरते. त्याहून आधी बाळाचे ठोके बिघडतात, म्हणून तुमच्या बाबतीत मॉनिटर सतत लावलेला हवा. आणि लगेच सिझर करता येईल अशाच हॉस्पिटलात हा प्रयत्न व्हावा.

इंजेक्शनचं जास्त महत्त्वाचं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज घेतात तो कमी डोस असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण बारा तास, उपचाराचा मोठा डोस असेल तर चोवीस तास जावे लागतात; त्याआधी पाठीत सुई घालत नाहीत, आत रक्त साठण्याचा धोका असतो. स्वतःच्या मनाने बंद करू नका. नवव्या महिन्याच्या सुरुवातीलाच स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघांना एकत्र विचारून वेळापत्रक ठरवा, आणि कळा सुरू झाल्यासारखं वाटलं तर पुढचं इंजेक्शन टोचण्याआधी फोन करा. प्लेटलेट खूप कमी असणं, सुईच्या जागी जंतुसंसर्ग, मणक्याची काही ऑपरेशनं, यांतही द्यावं की नाही ते प्रत्येकीचं बघून ठरतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीने अक्षर न् अक्षर वाचलं. काल ती तपासणीला गेली तेव्हा वहीत प्रश्न लिहून नेले होते. रात्री भूलतज्ज्ञ हॉस्पिटलात असतात का, असं विचारल्यावर आधी 'आमच्याकडे पेनलेसची (म्हणजे एपिड्युरलची) सोय आहे' एवढंच उत्तर मिळालं. तिने पुन्हा विचारलं, रात्री दोन वाजता कोण येणार? तेव्हा कळलं की दिवसा असतात, रात्री फोन करून बोलावतात आणि यायला अर्धा-पाऊण तास लागतो. आल्यावर थांबतात का? हो, बाळ होईपर्यंत थांबतात. मग ठरलं की रात्री दाखल झाली तर कळा वाढायच्या आत सांगायचं, म्हणजे त्यांना निघायला वेळ मिळेल. भूलतज्ज्ञांची भेट पुढच्या आठवड्यात ठरली आहे, फाईलवर नोंद झाली आहे. आत सोबतीला तिची काकू बसणार.

तिचा एक प्रश्न उरला आहे. तिच्या प्लेटलेट मागच्या रिपोर्टमध्ये एक लाख दहा हजार होत्या. यावर देतील का?

शततारका

बीपी वाढलेलं नसेल आणि आकडा स्थिर असेल तर एक लाख दहा हजाराला साधारणपणे अडचण येत नाही. गरोदरपणात थोड्या कमी होतातच. आकडा भराभर घसरतोय का ते बघायला हवं. दाखल होताना ताजी तपासणी करायला सांगा आणि जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून भूलतज्ज्ञांच्या भेटीला घेऊन जा. हिरड्यांतून रक्त येणं, सहज काळे-निळे डाग पडणं असं काही असेल तर ते आजच कळवा, भेटीची वाट बघू नका.

पाऊसवेळा

मीही आज फोन करून रात्रीचं विचारलं. आमच्याकडे चोवीस तास असतात म्हणाले. आता पॅकेजचं लेखी मागते.